दुमागेतेला पांढरी वाळू नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतर परदेशी समुद्रकाठी स्वस्तात कसं राहावं, यावर पानभर मजकूर होता. त्यात फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराचा नंबर पहिला. शेजारी छायाचित्र पांढऱ्याशुभ्र वाळूचं आणि दोन माडांना बांधलेल्या झोपाळ्याचं. ते छायाचित्र दुमागेतेचं नाही. तिथली वाळू काळपट, ज्वालामुखीतून आलेली. शहरासमोर तर वाळूपेक्षा दगडी बांधच जास्त, आणि त्यावर संध्याकाळी शेंगदाणे खात बसलेली कॉलेजची पोरं. घरभाडं, बिअर आणि डॉक्टरची फी यावर तुमच्या लेखकाने तीन परिच्छेद खर्ची घातले आणि ‘शहरात काही विद्यापीठेही आहेत’ एवढ्या एका वाक्यात मूळ गाव उरकलं. म्हणून हे पत्र.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, चीफ म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या काही वर्षांत जहाजावर आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दुमागेतेचा होता. तो मला ‘चीफ’ म्हणायचा, मी त्याला ‘बोस’, म्हणजे बोसन, सारंगाचं इंग्रजी नाव. फिलिपिनो खलाशाला मूळ पगाराचे किमान 80 टक्के घरी पाठवावेच लागतात, तसा त्यांच्याकडे नियमच आहे. उरलेल्या पैशांत हा माणूस साबण, फोनकार्ड आणि क्वचित एखादी बाटली भागवायचा. केबिनमध्ये मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो होता. ‘ऐंशी टक्क्यांतलं निम्मं विद्यापीठ खातं,’ असं तो सांगायचा, तेही तक्रारीच्या नव्हे, बढाईच्या सुरात.

2014 साली फिलिपिन्समधल्याच सेबू बेटावर आम्ही दोघं एकदमच साइन-ऑफ झालो, म्हणजे जहाजावरची पाळी संपवून उतरलो, आणि त्याने मला चार दिवस घरी नेलं. बसने सेबूचं दक्षिण टोक, तिथून होडीने जेमतेम अर्धा तास, की आलं दुमागेतेचं नेग्रोस बेट. पुढे गावात जायला पेडिकॅब. नाव पेडलचं, पण असते मोटरसायकल, बाजूला पत्र्याचा डबा जोडलेला. आम्ही सहा जण एका डब्यात होतो, त्यातल्या चौघांच्या अंगावर गणवेश.

2020 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 1 लाख 34 हजार भरली आणि विद्यापीठं चार. सगळ्यात जुनं सिलिमन. न्यू यॉर्क राज्यातल्या होरेस सिलिमन नावाच्या व्यापाऱ्याने 10 हजार डॉलर दिले आणि 28 ऑगस्ट 1901 रोजी पंधरा मुलांवर शाळा सुरू झाली. 1903 ची लाकडी इमारत अजून उभी आहे, तिच्यात आता संग्रहालय आहे. आवारातल्या शिरीषाच्या जातीच्या झाडांखाली दुपारी बाराला चालताना डोक्यावर टोपी लागत नाही. तेवढ्यासाठी मी त्या पोरांचा हेवा केला.

शहराचं नावही ‘झडप घालून उचलून नेणं’ या अर्थाच्या शब्दावरून आलं, असं सांगतात. दक्षिणेकडून चाचे येऊन माणसं गुलाम म्हणून पळवायचे. चर्चशेजारचा घंटेचा मनोरा त्यांच्यावर नजर ठेवायलाही होता. समुद्राकडे पाठ करून झोपायची सोय नव्हती हे आम्हा मालवणच्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. होसे रिसाल, त्यांचा राष्ट्रपुरुष, 1 ऑगस्ट 1896 ला हद्दपारीतून मनिलाकडे नेला जात असताना इथे उतरला होता. समुद्रकाठच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. पेशाने डोळ्यांचा डॉक्टर. त्या एका मुक्कामातही त्याने गावातल्या एका कप्तानाचा डोळा तपासून शस्त्रक्रिया केली होती.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. सकाळी बाजारातल्या बाकड्यावर बुडबुड मिळतो. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळलेला, आपल्या पातोळ्याचा लांबचा चुलतभाऊ. सोबत दाट कोको आणि आंब्याची फोड. आंबा गोड होता. हापूस नव्हता. बोसच्या बायकोने पपईचं लोणचं वाढलं आणि नाव सांगितलं ‘अचारा’. न्हाणीघरातल्या बादलीला ती ‘बाल्दे’ म्हणाली, तेव्हा मला माझी आजी आठवली. तीही बाल्दीच म्हणायची.

पण ज्यासाठी लिहायला बसलो ते आपो बेट. बोसचा मेहुणा तिथला मच्छीमार. दर बुधवारी मालातापायला मोठा बाजार भरतो, गुरं-डुकरं, मासळी, सगळं. तिथून आम्ही त्याच्या बांकातून गेलो. बांका म्हणजे उलांडीची, तोल राखायला बाजूला आडवं लाकूड बांधलेली होडी, फक्त आपल्या होडीला एका बाजूला उलांडी असते, तिला दोन्हीकडे बांबूच्या. मी सवयीने एका बाजूला सरकून बसलो, तर मेहुणा हसला.

बेट पाऊणशे हेक्टरांचंसुद्धा नाही. एकेकाळी आसपासच्या समुद्रात सुरुंग लावून, विष टाकून मासे मारले जायचे. सिलिमनचे प्राणिशास्त्रज्ञ आंजेल अल्काला आणि त्यांची माणसं सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेटावर येऊन बसली. हुकूम काढला नाही. पटवत राहिली. मेहुण्याचे म्हातारे वडील म्हणाले, ‘आधी आम्हाला वाटलं, हे आमचा समुद्र घ्यायला आलेत.’ शेवटी 1982 मध्ये बेटवाल्यांनी स्वतःच साडेचारशे मीटर किनाऱ्यासमोरचा तुकडा सोडला. तिथे कुणीच गरी टाकायची नाही, पहारा गावचा. तुकड्यातले मासे वाढले आणि हद्द ओलांडून बाहेर आले, ते गरीला लागू लागले. या सगळ्याची वर्षानुवर्षं मोजदाद झाली आहे.

उलटा धडाही जवळच आहे. सुमिलोन बेटाजवळ त्याच मंडळींनी 1974 मध्ये देशातलं पहिलं असं राखीव क्षेत्र केलं होतं. दहा वर्षांनी स्थानिक राजकारणात बंदी मोडली आणि दोनच वर्षांत आजूबाजूची मासळी जवळजवळ निम्म्यावर आली.

आपोलाही सगळं सुखाचं नाही. 2011 आणि 2012 च्या डिसेंबरांत दोन वादळांनी राखीव तुकड्यातलं प्रवाळ पार मोडलं. मेहुणा त्या बाजूला बोट दाखवून एवढंच म्हणाला, ‘तिकडे आता खडी आहे.’ आम्हाला त्याने गावासमोरच्या उथळ पाण्यात उतरवलं. समुद्रगवत चरणारं कासव माझ्या हाताच्या अंतरावरून गेलं. त्याच्या पाठीवर शेवाळं होतं, आणि माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं 1987 मध्ये, आपोनंतर पाचच वर्षांनी. आमच्या मच्छीमारांनी त्याला केलेला विरोध मी लहानमोठ्यांच्या तोंडून ऐकत आलोय, आणि तो खुळचट नव्हता. आधी रेघ नकाशावर ओढली गेली, माणसांशी बोलणं मागून आलं. इकडे पर्ससीनची मोठी जाळी लावणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांची भांडणं किनाऱ्यावरून पोलीस चौकीपर्यंत जातात. ‘एवढा तुकडा कुणीच मारायचा नाही’ हे वाक्य मात्र मच्छी लिलावात माझ्या कानावर कधी आलं नाही.

2023 मध्ये पुन्हा गेलो. अल्काला त्याच फेब्रुवारीत वारले होते. मॅगसेसे पुरस्कार, राष्ट्रीय शास्त्रज्ञ, सगळं मिळालेला माणूस, आणि बोसच्या गल्लीत पेडिकॅबवाल्यालाही माहीत. त्याआधी 2021 मध्ये शहरासमोर 174 हेक्टर समुद्र बुजवून ‘स्मार्ट’ नगर उभारायचा प्रस्ताव आला होता. शास्त्रज्ञ, विद्यार्थी, मच्छीमार एकत्र विरोधात उभे राहिले. नव्वदी ओलांडलेले अल्कालाही त्यात होते. झग्यातल्या फोटोतली बोसची मुलगी सह्या गोळा करत हिंडली. मी बांधावर बसलो त्या संध्याकाळी ते 174 हेक्टर अजून समुद्रच होते. पलीकडे सिकिहोर बेटाची बोट लागत होती. शेजारच्या बाकावर तुमच्या लेखातले परदेशी निवृत्त बसले होते, बिअर पीत. तेही तिथे आहेत, नाही म्हणत नाही.

पुरवणीत शहराबद्दल पुन्हा कुणी लिहिणार असेल, तर बोटीचे पैसे काढून त्याला एका बुधवारी मालातापायला पाठवा. तोवर निदान त्या छायाचित्राची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक (निवृत्त चीफ इंजिनिअर)
मालवण, जि. सिंधुदुर्ग