वाचनालयाचे सभागृह रविवारी सर्वांसाठी मोकळे असावे

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागातील एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मुलांसाठी गोष्टींचा तास भरत असे. गेल्या दिवाळीपासून तो बंद पडला आहे. कोणाचे भांडण झाले नाही की मुलांची संख्या घटली नाही. सभागृह कपड्यांच्या प्रदर्शन-विक्रीसाठी भाड्याने दिले जाऊ लागले, आणि विक्रेत्यांनाही रविवारच सोयीचा पडतो, एवढेच कारण. सुरुवातीला एक रविवार गेला, मग महिन्यातले दोन जाऊ लागले, आणि आता सतरंज्या गुंडाळून कपाटामागे उभ्या करून ठेवल्या आहेत. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर दोषारोप करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, कारण त्यांची पैशांची ओढाताण मला जवळून ठाऊक आहे. परंतु वाचनालयात भरणारे मोफत कार्यक्रम हे पैसे उरले तर करायचे काम आहे, ही समजूत हळूहळू पक्की होत चालली आहे, आणि ती दूर व्हावी असे मला मनापासून वाटते.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर या तासाला गोष्टी सांगायला जाऊ लागले. येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. वडील यंत्रमागावर टॉवेल किंवा चादरी विणतात, आई घरी विड्या वळते. या मुलांना मराठी येते, पण ती शाळेतली आणि रस्त्यावरची. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली मराठी त्यांच्या वाट्याला आलेली नसते. गोष्ट ऐकताना एखादा शब्द अडला की ती एकमेकांना तेलुगूत समजावून देत, आणि चार-सहा रविवारांनंतर तोच शब्द मराठीत माझ्याकडे परत येई. वर्गात हे इतक्या सहज घडताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे, कारण वर्गात चुकण्याची भीती असते आणि येथे ती नव्हती.

एका रविवारी एक बाई आपल्या मुलीला सोडायला आल्या आणि दारातच थबकल्या. हातात सूप, सुपात पानांची आणि तंबाखूची पुरचुंडी. त्यांनी मला विचारले, "बाई, आत बसायला पैसे लागतात का?" लागत नाहीत, असे सांगितल्यावर त्या सर्वांत मागे, भिंतीला टेकून बसल्या. विडीची पाने आत नकोत, असे सांगताच सूप त्यांनी व्हरांड्यात ठेवले आणि तासभर गोष्ट ऐकली. जाताना म्हणाल्या, की या इमारतीसमोरून त्या वीस वर्षे विड्या घेऊन कारखान्यात जातात, पण आत पाऊल टाकण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवसापासून त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. वाचनालयाच्या पाटीवर "सार्वजनिक" हा शब्द ठळक अक्षरांत रंगवलेला आहे, आणि तरीही समोरून जाणाऱ्या माणसाला आत जायचे पैसे पडत असतील असेच वाटत आले आहे.

त्यांचे वाटणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तक घरी न्यायचे तर अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरावी लागते. ज्यांचे महिन्याचे उत्पन्न ठरलेले आहे त्यांना ती रक्कम क्षुल्लक वाटेल, पण ज्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि पान खराब निघाले तर तीही कापली जाते, त्या घरात अनामत म्हणून अडकून पडणारे पैसे क्षुल्लक नसतात. वर्तमानपत्रांचा कक्ष सर्वांना खुला असतो, हे खरे. तेथे सकाळी कोण बसलेले असतात ते मात्र एकदा जाऊन पाहावे. स्त्रिया जवळजवळ नसतात आणि मुले तर नसतातच. अशा लोकांना वाचनालयाचा उंबरठा ओलांडायला लावणारी एकच गोष्ट मी पाहिली आहे, ती म्हणजे नाव न नोंदवता, पैसे न देता, आल्यासरशी बसता येईल असा कार्यक्रम. त्या बाईंच्या मुलीने पुढे वर्गणी भरून सभासदत्व घेतले, पण ते सात-आठ महिन्यांनी, आणि तेही खाऊचे पैसे साठवून. गोष्टींचा तास नसता तर ती त्या कपाटांपर्यंत पोहोचली असती असे मला वाटत नाही.

ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९१० मध्ये ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला बोलावले आणि ग्रंथालये प्रजेला विनामूल्य खुली केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र कक्ष होते, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांसाठी चित्रे व चलच्चित्रे फुकट दाखवण्याची वेगळी शाखा त्या खात्यात होती. वाचता न येणाऱ्या माणसाचाही ग्रंथालयावर हक्क आहे, हे आपल्याच भाषेच्या एका राज्यकर्त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यातही ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असे म्हटले आहे. व्याख्यान ऐकायला गावाने एकत्र बसावे, ही रीत तर न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून मराठी समाजाच्या अंगवळणी पडलेली आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्या वर्गानुसार शासन अनुदान देते. तालुक्याच्या गावातले किंवा शहराच्या एखाद्या पेठेतले छोटे वाचनालय बहुधा या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवरच चालते. अनुदान हप्त्यांनी येते आणि दिवे, झाडलोट, बांधणी, ग्रंथपालाचे अपुरे मानधन मात्र दर महिन्याला द्यावे लागते. शेजारच्या कर्नाटकात ग्रंथालयांसाठी मालमत्ता करासोबत उपकर घेण्याची तरतूद १९६५ च्या कायद्यात आहे, आपल्या कायद्यात तशी नाही. त्यामुळे सभागृहाच्या भाड्याकडे कार्यकारिणीचे लक्ष जाते यात नवल नाही, आणि सभागृह कधीच भाड्याने देऊ नये असे मी म्हणणार नाही. शनिवारी द्यावे, संध्याकाळी द्यावे, आठवड्यातले सहा दिवस द्यावे. माझी मागणी फक्त रविवारच्या सकाळच्या तीन तासांपुरती आहे.

हे तीन तास मुलांच्या गोष्टींपुरतेच राहावेत असेही नाही. सोलापुरात सांगण्यासारखे आणि ऐकण्यासारखे इतके आहे, की महिन्यातले चार रविवार अपुरे पडतील. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज पाहतो, पण त्या दिवसांत गिरणगावात काय घडले हे विचारले तर आजची मुले गप्प बसतात. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले, ही गोष्ट सांगायला एक तास आणि एक नकाशा पुरतो. गिरणीत आयुष्य घालवलेले अनेक वृद्ध अजून आपल्यात आहेत. त्यांना खुर्ची देऊन बोलते करावे, कोणीतरी ते उतरवून घ्यावे, आणि ती वही वाचनालयाच्या कपाटात ठेवावी. तेलुगू आणि कन्नड कवितांचे वाचन त्यांच्या मराठी अर्थासह व्हावे. जुनी मोडी कागदपत्रे अनेकांच्या घरी पेटीत पडून असतात, मोडी वाचू शकणाऱ्या एखाद्या जाणकाराने महिन्यातून एकदा बसले तरी लोक ती काढून आणतील.

याहून रोजच्या गरजेचा एक विषय आहे आणि त्यावर मला थोडे अधिक लिहायचे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे. स्त्रीला तर त्यासाठी उत्पन्नाची अटही आड येत नाही. हे माझ्या परिसरातील किती स्त्रियांना ठाऊक आहे, हे मी गोष्टींच्या तासानंतर थांबणाऱ्या आयांना विचारले होते. एकीनेही होकार दिला नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अशा मार्गदर्शनाची शिबिरे घेतली जातात, पण न्यायालयाच्या आवारात पाऊल टाकताना ज्या स्त्रीचे पाय जड होतात, तीच स्त्री मुलाला गोष्ट ऐकवायला आणलेल्या जागी मोकळेपणाने प्रश्न विचारू शकते. कामगार म्हणून मिळणारे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी आज या बायका कोणाला तरी पैसे देतात. वाचनालयात लिहिता-वाचता येणारी माणसे बसलेली असतात. त्यांच्यातील दोघांनी रविवारी तासभर टेबल मांडले, तर हे पैसे वाचतील.

आता अडचणींविषयी. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले अभ्यासिकेत पहाटेपासून बसतात आणि त्यांना शांतता हवी असते. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि अभ्यासिका व सभागृह यांच्यामध्ये एकच पातळ भिंत असेल तर कार्यक्रम अंगणात घ्यावा लागेल. सोलापूरच्या उन्हात मार्चनंतर अंगणात बसायचे तर सकाळी साडेआठ ते दहा एवढीच वेळ उरते, ती ठरवून घ्यावी. दुसरी अडचण निरोप पोहोचण्याची. कार्यक्रमाची सूचना वाचनालयाच्या फलकावर लागते, आणि जे आत येत नाहीत त्यांना ती दिसत नाही. ती विडी कारखान्याच्या दारावर, रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि शाळेच्या फाटकावर लागली पाहिजे. ती मराठीबरोबर तेलुगूतही लिहिलेली असावी, आणि तिच्यावर वेळेपेक्षाही मोठ्या अक्षरांत "पैसे लागत नाहीत" असे लिहावे. "प्रवेश विनामूल्य" हे शब्द मी मुद्दाम टाळते, कारण ज्यांना बोलवायचे आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यात ते नाहीत.

जिल्ह्यातील मान्यताप्राप्त वाचनालये बहुधा नोंदणीकृत संस्था आहेत आणि त्यांचा कारभार सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी पाहते. तेव्हा शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. बार्शी, करमाळा, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, जेथे जेथे आपले वाचनालय आहे तेथील सभासद वाचकांना माझी विनंती आहे, की पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रविवारी सकाळचे तीन तास सभागृह मोफत सार्वजनिक कार्यक्रमांसाठी राखून ठेवण्याचा ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तोंडी दिलेला शब्द भाड्याचा चांगला प्रस्ताव आला की मागे पडतो, हे आम्ही अनुभवले आहे. भाड्याचे जे नुकसान होईल त्याचा आकडाही सभेपुढे ठेवावा आणि सभासदांनी, विशेषतः माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांनी, तो वर्गणीखेरीज देणगीने भरून काढावा. आमच्या वाचनालयापुरता माझा वाटा मी कार्यकारिणीला लेखी कळवला आहे.

दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह साजरा होतो. त्या सप्ताहातील रविवारी आमचा गोष्टींचा तास पुन्हा भरावा, अशी विनंतीही त्याच पत्रात केली आहे. सतरंज्या उन्हात घालून झटकण्याचे काम मुलांनी आपणहून मागून घेतले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर