सुईला भिणारी बाई पण बाळंत होते, तिच्या कार्डावर एक ओळ तेवढी लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी गंगाखेडला मेडिकलच्या काउंटरवर बसते. डी.फार्म झालेय, लग्नाच्या आधीपासून हेच काम. दिवसाला सिरिंजा किती विकते त्याचा हिशोब नाही, दोन एमएल, पाच एमएल, इंट्राकॅथ म्हणजे शिरेत घालायची सुई-नळी, सलाईनचे सेट, सगळं माझ्याच हातानं काढून देते, पाकिटात बंद असलेली सुई मला काही करत नाही. पण तीच सुई उघडी होऊन माझ्या दंडाकडं यायली म्हणलं की कानात शिट्टी वाजते, हातपाय गार पडतात, डोळ्यापुढं अंधार, अन् पुढच्या मिनिटाला मी फरशीवर. लहानपणापासून असंच. शाळेत लस द्यायला आले की मी बाथरूममधे.

दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात नोंदणीला गेले, टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन होतं, घेतलं अन् स्टुलावरून खाली आले, कपाळाला टेबलाची कड लागली. शुद्धीवर आले तर चार बाया तोंडाला पदर लावून हसायल्या अन् सिस्टर म्हणतात, "मेडिकलवाली असून एवढे नखरे? मग लेकरू काय पोस्टानं येणारंय का?" घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं पोरी, जीव जायच्या कळा सोसणारेस तू, अन् हितभर सुईला काहून भिऊ लागलीस?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला कळांची भीती नव्हतीच हो, हेच कुणाच्या डोक्यात शिरंना. कळ आतून येते, आपली असते. सुई बाहेरून येते.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच हे पत्र लिहायलेय. मी तपासणीच्या तारखा चुकवायला लागले. दुकानात माल आला, पाहुणे आले, ऊन फार आहे, कारणं काय कमी असतात का. रक्तवाढीच्या लाल गोळ्यांनी पोट बिघडायलं म्हणून त्या पण सोडल्या, अन् रक्त तपासायला गेलेच नाही तर कळणार कुणाला. सातव्या महिन्यात आशाताई घरी येऊन हाताला धरून घेऊन गेल्या तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की कमीच धरतात. आता गोळ्यांना वेळ नाही म्हणाले, शिरेतून आयर्न सुक्रोज द्यावं लागंल, एकदा नाही, चार-पाच खेपा. म्हणजे एक सुई चुकवायला गेले अन् पाच पदरात पडल्या. मी शिकलेली, औषधाच्या धंद्यातली, तरी ही गत. वाडीवरच्या एखाद्या पोरीनं भीतीपायी दवाखानाच टाकला तर ती आळशी म्हणून नावं ठेवायची आपण.

त्या आयर्नच्या वेळेला एक सिस्टर भेटल्या, मूळच्या केरळच्या, पण मराठी आमच्यापेक्षा झणझणीत. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "चक्कर येऊन पडतेस का नुसती घाबरतेस?" मी म्हणलं पडते. तर म्हणाल्या मग तुझं औषध वेगळं. हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. सुईची भीती एका जातीची नसते. काहींचं नुसतं काळीज धडधडतं, थरथर सुटते, त्यांनी सावकाश श्वास घेतला, अंग सैल सोडलं की भागतं. पण आमच्यासारख्या पडणाऱ्यांचं बीपी अन् नाडी सुई बघून एकदम खाली येते, तिथं "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" म्हणणं म्हणजे पडायलाच मदत करणं. आम्ही उलटं करायचं. दुसऱ्या हाताची मूठ, पोटऱ्या, मांड्या घट्ट आवळायच्या, दहा-पंधरा सेकंद, तोंड गरम वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण पार ढिलं पडायचं नाही, असं पाच वेळा. ज्या हातात सुई जाणार तो हात मात्र मोकळाच ठेवायचा, आवळला तर जास्त दुखतं. स्वीडनच्या ओस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली, मी नंतर वाचलं. गरोदरपणात बीपी वाढलेलं असंल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, अन् पोट आवळायचं नाही. मी काउंटरमागं उभी राहून महिनाभर केलं, गिऱ्हाईकाला वाटायचं बाई कशावर तरी चिडलीय.

दुसरी गोष्ट तर माझ्याच कपाटात होती, लिडोकेन अन् प्रिलोकेनचं मलम, दोन्ही अडीच टक्के. डॉक्टरला विचारून सुईच्या तासभर आधी जाड थर लावायचा, वरून प्लास्टिक चिकटवायचं, कातडी बधिर होते. मलमानं शीर जराशी दबते, म्हणून पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबलेलं बरं. दंडातल्या मांडीतल्या इंजेक्शनला त्याचा फार उपयोग नाही, ते खोल जातं, पण शिरेतली सुई अन् रक्त काढणं याला चांगलं. इतके दिवस लोकांना विकत होते अन् स्वतःला लावायचं सुचलं नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडची रीतच. माझं माहेर बीड जिल्ह्यात. म्हणजे ज्या सिस्टरनं मला ओळखलं त्या राहिल्या इकडं अन् मी गेले तिकडं, नव्या दवाखान्यात, नव्या लोकांत, परत पहिल्यापासून सांगायचं. कळा चालू असताना कोण सांगत बसणार अन् कोण ऐकणार. केरळच्या सिस्टरनं निघताना माझ्या माता बाल संरक्षण कार्डावर एका कोपऱ्यात पेनानं लिहून दिलं होतं, "सुईनं चक्कर येते, पडते. डाव्या कुशीवर झोपवून सुई द्या." एवढीच ओळ. त्या ओळीनं मला वाचवलं असं म्हणलं तर अतिशयोक्ती होईल, पण पडू मात्र दिलं नाही.

कळा रात्री दोनला सुरू झाल्या. बिनसुईचं काय काय करता येतं ते सगळं त्या रात्री करून बघितलं. अंगणात फेऱ्या मारल्या, पाठीवर आडवं पडलं की कळ दुप्पट वाटायची, उभं राहिलं, चौकटीला धरून पुढं वाकलं की सुसह्य. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, कपड्यात गुंडाळून, चटका बसंल अशी नाही. कळ आली की माय कंबरेच्या खाली माकडहाडाच्या वर तळहाताची टाच रोवून दाबायची, जोरात, मी "अजून" म्हणायची. अन् श्वासाचं म्हणाल तर यूट्यूबवर कितीतरी बघितलं होतं पण ऐनवेळी एक आठवलं नाही, माय म्हणाली, "फुंकणीनं चूल फुंकतीस तसं फुंक, लांब, धूर डोळ्यात जाऊ देऊ नको." ते जमलं. यानं दुखणं जात नाही हे स्पष्ट सांगते, दुखतंच, बेदम दुखतं, पण आपण वाहून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणाबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यात हिंडणं, उभं राहणं, मालिश, गरम शेक, श्वास अन् बाईच्या पसंतीचं माणूस सोबत, हे सगळं आहे. माझ्या मायनं त्या वाचल्या नव्हत्या.

दवाखान्यात मात्र पहिली गोष्ट ऐकू आली ती "नातेवाईक बाहेर थांबा." केंद्र सरकारचा लक्ष्य कार्यक्रम डिसेंबर २०१७ पासून आहे, त्यात बाळंतिणीजवळ सोबतीण असावी, बाईला मानानं वागवावं असं लिहिलंय. हे मी कळेच्या मधल्या दोन मिनिटांत सांगितलं, आधी कुणी ऐकलं नाही, मग एका डॉक्टरीणबाईनं कार्डावरची ओळ वाचली अन् मायला आत घेतलं. हाताला हिरवं इंट्राकॅथ, अठरा नंबरचं, ते बघून माझा जीव गेलाच होता, पण डावी कूस, माय चेहऱ्यावर पदर धरून, पाय आवळलेले, सुई जाताना एकदा खोकायला लावलं, अन् झालं. पडले नाही. मी आधीच सांगितलं होतं, आकडे मोजू नका, सांगू पण नका, पण फसवू पण नका. काहींना उलटं लागतं, आधी सांगितलेलं बरं वाटतं. विचारायला काय पैसे पडतात का.

आता वेदनेच्या औषधांचं. माझी चुलत बहीण पुण्यात बाळंत झाली, तिला तोंडाला मास्क दिला होता, एंटोनॉक्स, अर्धा नायट्रस ऑक्साईड अर्धा ऑक्सिजन. त्याला सुई लागत नाही. मास्क बाईनं स्वतःच धरायचा, कळ सुरू व्हायली म्हणलं की लगेच ओढायचा कारण असर यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, अन् सोडला की थोड्या वेळात उतरतं. मळमळ, चक्कर होते, दुखणं पूर्ण जात नाही, धार बोथट होते म्हणे. इंग्लंडात ही रोजची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याला विचारलं तर "तसलं काही नसतं इथं." अहो, १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं बाळंतपणात रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून हुंगवलं होतं (आज ते वापरत नाहीत, धोक्याचं आहे), अन् कातडीखाली औषध द्यायची सुई-सिरिंज पण त्याच सुमाराला आली. सुई मात्र खेड्यापाड्यात पोचली, हुंगायचं औषध राणीपाशीच राहिलं.

दुसरी एक मैत्रीण संभाजीनगरला, तिनं एपिड्युरल घेतलं, म्हणजे पाठीच्या मणक्यापाशी औषध सोडून कळा बधिर करायच्या. दुखणं थांबवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही, पण आधी हाताला सलाईनची सुई, मग पाठीत बधिर करायची, मग मोठी. ती पण माझ्यासारखीच भित्री, तरी म्हणाली, "पाठीमागं काय चाललंय ते दिसतच नाही गं, अन् सुई काढून घेतात, आत नुसती केसासारखी नळी राहते." कळा चालू असताना वाकून न हलता बसायचं तेवढं अवघड. अन् त्याला भूलतज्ज्ञ लागतो, तालुक्याला तो सिझर असलं तरच बोलावतात. म्हणून आमच्याकडच्या बायांना निवड अशी नसतेच.

एक सुई मात्र कुणी चुकवू नये. माझी आजी सांगायची, आमच्या काळी सुईण होती, सुई नव्हती. तिच्या धाकट्या जावेला मुलगा झाला अन् रक्त थांबलंच नाही, सकाळपर्यंत बाई गेली. आता बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत देतात, गर्भपिशवी आवळते, रक्तस्राव आटोक्यात राहतो. मला दिलेली कळली सुद्धा नाही, पोरगी छातीवर होती, दोन किलो सातशे. नंतर टाके पडले, तिथं बधिर करायची सुई झाली, ती कळली, खोटं कशाला बोलू.

माझं मागणं मोठं नाही. गॅस अन् भूलतज्ज्ञ मिळायचे तेव्हा मिळोत, तिसऱ्या महिन्यात नोंदणी करताना रक्तगट विचारतात तसं "सुईची भीती वाटते का, चक्कर येते का" एवढं विचारा अन् उत्तर कार्डावर लिहा. आमच्या बीडकडच्या बाया दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या गावाला जातात, कुठं कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, असताना दिवस भरतील अन् कुठल्या दवाखान्यात नेतील सांगता येत नाही, तिथं तिच्या बाजूनं बोलायला ते कार्डच असतं.

परवा पोरीचा दीड महिन्याचा डोस झाला. सासूबाईंनी तिला मांडीवर धरलं, मी दाराबाहेर पोटऱ्या आवळून उभी होते. आत पोरगी एकदाच रडली, मी खाली बसले पण पडले नाही. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा धीट निघाली."

पत्र छापलं तर नाव छापू नका साहेब, सिरिंज मागणारं गिऱ्हाईक हसायचं.

आपली,
एक मेडिकलवाली,
गंगाखेड, जि. परभणी