सुहासला पत्र : वंशावळीची फाइल पाठवण्याआधी

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन वंशावळी जोडण्यासाठी तू पाठवलेलं एक्सेल मिळालं. मेहनत दिसते, रंगसंगतीही झकास, पण माझ्या कामाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. रागावू नकोस. कुठली चौकट कुणाचा मुलगा, हे तुला-मला बघून कळतं. माझ्या संगणकावरच्या ग्रॅम्प्सला, म्हणजे माझ्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरला, नाही कळत. तूच फोनवर म्हणालास की मूळ माहिती वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि एक्सेल खास माझ्यासाठी काढलंस. मग त्यातूनच जेडकॉम फाइल काढून पाठव. ‘एक्सपोर्ट’मध्ये तो पर्याय सापडेल.

ही जेडकॉम म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. अमेरिकेत युटामधल्या मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये ती काढली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा असतो. शून्य आलं की नवा माणूस किंवा नवं कुटुंब सुरू, एकवर नाव, जन्म, मृत्यू, आणि जन्माच्या पोटात दोनवर तारीख आणि गाव. आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये. एकदा उघडून वाचच, मजा वाटेल. प्रत्येक माणसाला एक क्रमांकही असतो, पण तो त्या फाइलपुरताच. तुझ्याकडचा तेवीस नंबर म्हणजे तुझे खापरपणजोबा, माझ्याकडचा तेवीस म्हणजे आमची एक आत्या. तेव्हा क्रमांक बघून काही जुळवायला जाऊ नकोस.

पाठवताना अक्षरांसाठी यूटीएफ-८ निवड, म्हणजे देवनागरीही नीट नेणारा अक्षरसंकेत. आमच्या एका चुलतभावाने जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइल पाठवली, तर सगळं घराणं प्रश्नचिन्हांत! नावाच्या जागी नुसतीच प्रश्नचिन्हं आली की मूळ अक्षरं गेलीच समज, परत मागवण्यावाचून इलाज नाही. अगम्य रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मात्र घाबरू नकोस. फाइल बहुधा शाबूत असते, उघडताना फक्त अक्षरसंकेत चुकीचा निवडलेला असतो. जेडकॉमची आवृत्ती ५.५.१ चालेल. तो मसुदा १९९९ चा, अधिकृत झाला २०१९ मध्ये, तोवर सगळं जग त्याच्यावरच चाललं होतं. २०२१ ची ७.० जास्त चांगली, पण तुझ्या सॉफ्टवेअरला येत नसेल तर अडून बसू नकोस.

आता मुद्द्याचं. आपली दोन झाडं जुळतात ती तुझ्या पणजीपाशी. माझ्याकडे ती माहेरची यमुना, तुझ्याकडे सासरची लक्ष्मी. वडिलांचं नाव तू लिहिलेलंच नाहीस, मग संगणक बापडा दोघींना एक कसा समजणार? एका माणसाला एकाहून जास्त नावं द्यायची सोय जेडकॉममध्ये आहे, आणि जन्माचं नाव कोणतं, लग्नानंतरचं कोणतं, तेही नोंदवता येतं. घरातल्या प्रत्येक सुनेसाठी एवढं कर. जुन्या कुलवृत्तांतांत पुष्कळदा मुलींची नुसती संख्या देऊन विषय संपवलेला असतो, त्याचा मला मनस्वी राग येतो. माहेर लिहिल्याशिवाय एक घराणं दुसऱ्याला जोडलं जाईल कसं? आडनाव माहीत नसेल तर रेघांमधली जागा कोरी सोड, पण तिथे सासरचं आडनाव भरू नकोस.

तुमच्याकडच्या दत्तकाचंही बघ. तो मुलगा तू दत्तकघरातच दाखवलायस, जन्मघर गायब. त्याला दोन्ही कुटुंबं जोडता येतात. एकावर ‘जन्म’, दुसऱ्यावर ‘दत्तक’ अशी खूण करायची.

तारखांचा घोळ मोठा आहे. या फाइलला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीतलं कॅलेंडरसुद्धा कळतं, आपला शक तेवढा कळत नाही! तेव्हा इंग्रजी साल लिही आणि मूळ नोंद, म्हणजे ‘शके १८०२, पौष’ वगैरे, टिपेत जशीच्या तशी ठेव. शकात सरसकट ७८ मिळवू नकोस. पौषात बहुतेक वेळा जानेवारी उजाडतो, माघ-फाल्गुन तर पुढच्याच सालात, तिथे ७९. शंका असेल तर ‘सुमारे’ किंवा ‘अमुक ते तमुक दरम्यान’ अशी तारीखही देता येते. ठाम खोट्या तारखेपेक्षा ती शंभरदा बरी.

गावांचंही तसंच. आमच्या वसईचे लोक कागदोपत्री ठाणे जिल्ह्यातले, २०१४ पासून वसई पालघरमध्ये. तुमचं देवगड १९८१ पर्यंत रत्नागिरीत होतं, मग सिंधुदुर्गात आलं. मी त्या वेळचा जिल्हा लिहितो आणि आजचा टिपेत देतो. तूही तसंच कर, नाहीतर एकाच गावाची दोन गावं होतील.

आणि कुठून कळलं, ते प्रत्येक नोंदीला जोड. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत तुझ्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी आणि काकूने लग्नात जेवताना सांगितलेली गोष्ट, दोन्हींचं वजन सारखं नाही. पण काकूचंही लिही, फक्त ‘काकूने सांगितलं’ असं स्पष्ट लिही. दोन फाइलींत जन्मसाल वेगळं निघालं की मी हेच बघून ठरवणार.

हयात माणसं मात्र वगळ. एक्सपोर्ट करतानाच तो पर्याय येतो. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख विचारून पासवर्ड बदलून देणारे अजून आहेत, आणि फाइल एकदा हातातून सुटली की कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. मीही माझी तशीच पाठवतोय.

फोटो ५.५.१ च्या फाइलमधून येत नाहीत, नुसता त्यांचा पत्ता येतो, तोही तुझ्या संगणकावरचा. मोडी कागदांचे फोटो वेगळे झिप करून पाठव. इथे मला मोडी वाचून देणारे एक आजोबा भेटलेत, उत्साही आहेत.

नानाकाका अजून देवगडलाच असतात ना? यमुनेच्या वडिलांचं नाव त्यांना विचार. मी ‘विष्णुपंत’ धरून चाललोय, पण आधार फक्त एका लग्नाच्या यादीचा आहे. फाइल आली की आधी मूळ प्रत बाजूला ठेवून मगच जोडायला घेईन, आणि जिथे आपलं पटणार नाही तिथली यादी तुला पाठवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद