घाटघरच्या मामांना, डब्याच्या झाकणासाठी

मामा, रामराम.

मोबाइलवर आपण काही वाचत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. उघड्यावर लिहितेय ते मुद्दाम. नाणेघाटात माणसं घेऊन येणाऱ्यांच्या नजरेला ते पडलं तर बरं होईल.

आम्ही घरी परतलो, पण आई अजून तुमच्या घाटातच आहे. कुणाचाही फोन आला की आधी गुडघ्याची चौकशी होते, मग ती विषय वळवते आणि मग समोरच्याची सुटका नाही. सिमुक राजा, नागनिका राणी, रांजण, जीवधन किल्ला, आणि शेवटी डब्याचं झाकण. मावशीने तर परवा विचारलं, "अगं, लेणं बघून आलीस की भांडं?"

मामा, हे तुम्हाला ठाऊक नसणार म्हणून सांगते. आईने अख्खी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात काढली. दरवर्षी सातवाहनांचा धडा यायचा. फळ्यावर ती सह्याद्रीची वाकडीतिकडी रेघ काढायची, एका बाजूला कल्याण आणि सोपारा, दुसऱ्या बाजूला जुन्नर, मध्ये खडूने एक खाच, की झाला नाणेघाट. बैलांवर माल लादून व्यापारी कसे वर चढत, घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणीने काय कोरून ठेवलंय, सगळं तोंडपाठ. शाळेच्या सहली मात्र कायम जिथे बस दारात जाते तिथेच गेल्या. निवृत्तीनंतर जाऊ म्हणेपर्यंत गुडघा आडवा आला.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका भटकंतीवाल्या गटाबरोबर दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. गटाचं नाव घेत नाही, त्यांच्या जाहिरातीतली ओळ मात्र लिहायलाच हवी: "सोपी वाट, सुंदर देखावे, लोककथा आणि इतिहास, सर्व वयोगटांसाठी." सर्व वयोगट म्हणजे पंचवीस ते पस्तीस, हे तिथे गेल्यावर कळलं. गळ्यात शिट्टी अडकवलेला मुलगा पहिल्याच चढावर आईला म्हणाला, "आजी, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन जाऊन येतो." आई बसली. गाडीच्या चालकाला तेवढं सुचलं, त्याने गाडी हलवून झाडाखाली घेतली. वर गेलेल्यांना इतिहास म्हणून काय मिळालं तर मोबाइलवरून वाचून दाखवलेल्या चार ओळी आणि एक घोषणा. लोककथेचं नावही निघालं नाही. वेळ कमी होता म्हणे.

त्यानंतर ज्यांना ज्यांना फोन केला त्यांचं उत्तर ठरलेलं. गुडघा म्हटलं की, "मॅडम, मग बॅचचा स्पीड कमी होतो." आई म्हणायला लागली, जाऊ दे, फोटोत बघते. हे तिने म्हणावं याचा मला फार राग आला होता. अजून आहे.

तुमचा पत्ता कुणी दिला, येणं कसं जमलं, ते तुम्हाला माहीतच आहे. मी सरळ पठारावर येते. पाऊस नुकता उघडला होता आणि सोनकी अशी फुलली होती की गाडीतून उतरल्यावर पाय कुठे ठेवावा कळेना. समोर जीवधनचा कातळ, त्याच्या कडेला सुटा उभा वानरलिंगीचा सुळका, आणि पुढे पठार एकदम संपून खाली कोकण. पावसाळ्यात इथे खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, त्यासाठी अर्धी मुंबई गोळा होते. आम्ही आलो तेव्हा तो थाट ओसरला होता, गर्दीही. मला विचाराल तर नाणेघाट बघावा तो याच दिवसांत.

तुम्ही आईला पहिलं काय विचारलंत आठवतं? "उतार तरास देतो का चढ?" गुडघेदुखीच्या माणसाला उतार जास्त छळतो, हे डॉक्टरांखेरीज कुणी ओळखलेलं मी पाहिलं नव्हतं. लेण्यापर्यंतचा उतार थोडकाच, पण दगड लहानमोठे. तुम्ही पुढे न चालता एक पायरी खाली, बाजूला राहिलात. हात धरू का म्हणून विचारलंत, तिने नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाहीत. ती थांबली की तुम्हीही थांबायचात आणि काहीतरी दाखवायचात, म्हणजे ती दमल्यामुळे थांबली असं कुणाला वाटू नये. मागून आलेला एक घोळका "साइड, साइड" करत गेला. तुम्ही त्यांना वाट दिलीत आणि नाना-गुणाची गोष्ट पुढे चालू केलीत.

ती गोष्ट मला फार आवडली. दोघा भावांत पैज लागते, कोकणातून देशावर वाट आधी कोण पाडतो त्याची. नाना जिंकतो, आणि त्याचा अंगठा म्हणून तो कडा आजही कोकणाकडून ओळखू येतो. गोष्ट संपल्यावर तुम्ही स्वतःच म्हणालात, "हे आमच्याकडं सांगत्यात बरं का. लिवलेलं न्हाई." रांजणापाशीही तेच. एवढा मोठा दगडी रांजण बघून आईचे डोळे चमकले. तुम्ही म्हणालात, "जकातीचा म्हनत्यात. येनारा-जानारा यात नाणी टाकायचा म्हनत्यात. मी काय बघाया नव्हतो." आई खो खो हसली. तीस-पस्तीस वर्षं ती पोरांना हेच शिकवत होती: काय सांगतात ते वेगळं, काय लिहिलेलं सापडतं ते वेगळं, दोन्ही ऐकायचं पण एकमेकांत कालवायचं नाही. तिला ते बी.एड.ला शिकवलं होतं. तुम्हाला कुणी शिकवलं, देव जाणे. शिट्टीवाल्या मुलाला नक्कीच कुणी शिकवलं नव्हतं.

आता लेणं, आणि झाकण.

आत शिरल्यावर आई जराशी हिरमुसली होती, तुमच्या लक्षात आलं असणार. तिच्या डोक्यात धड्यातलं लेणं होतं. मागच्या भिंतीवर एकेकाळी आठ राजपुरुष-स्त्रियांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, त्याच्याजवळ राणी नागनिका आणि तिचा नवरा राजा सातकर्णी, नागनिकेचा बाप महारठी त्रणकयिर. आता शरीरं गेली, पायांच्या खुणा आणि वरची नावं काय ती उरली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणीचा लांबलचक लेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. दोन हजार वर्षांचं वारापाणी खाऊन तो दगड असा झालाय की अक्षर कुठलं आणि दगडाचा खड्डा कुठला, कळत नाही. मी मोबाइलची बॅटरी लावली, तर होतं तेही पुसल्यासारखं झालं. आई म्हणाली, "असू दे. इथे आहे एवढं कळलं ना."

तुम्ही काही बोलला नाहीत. पिशवीतून डबा काढलात. मला वाटलं, भाकरीची वेळ झाली. तुम्ही झाकण काढलंत, आतली चटणी बोटाने निपटून डब्यात टाकलीत, गळ्यातल्या टॉवेलने झाकण घासूनपुसून लख्ख केलंत आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिलात. क्षणभराने ताटलीएवढा उजेड आत आला, छतावर गेला, घरंगळत खाली आला आणि नावांच्या ओळीवर एका कडेने, तिरपा पडला. त्यासरशी प्रत्येक खाचेत सावली भरली आणि अक्षरं दगडातून वर आली.

समोरून पडलेल्या उजेडात कोरीव अक्षर मरतं आणि कडेच्या उजेडात उठतं, हे शिलालेख वाचणारे जाणतात. १८२८ साली कर्नल साइक्सने या लेण्याची खबर जगाला दिली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी इथल्या अक्षरांवर आणि अंकांवर डोळे शिणवले. त्यांनीही अशाच कुठल्या तिरप्या उन्हाची वाट पाहिली असेल. तुमच्याकडे हे गुरं राखता राखता आलं असं तुम्ही म्हणालात. पोरगे असताना आरशाचा तुकडा घेऊन एकमेकांच्या डोळ्यांवर कवडसे मारायचात, त्यातला एक चुकून भिंतीवर पडला आणि अक्षरं दिसली.

आईने बोट वर केलं, भिंतीला न लावता. "हा बघ, क." अधिक चिन्हासारखा सरळ साधा क, सिमुकमधला. हा क ती दरवर्षी फळ्यावर काढून पोरांना विचारायची, ओळखा पाहू. त्या दिवशी तो तिच्यासमोर होता, राजाच्या नावात. मग तिला थांबवणार कोण? "जरा डावीकडे," ती म्हणायची आणि बाहेरून तुम्ही मनगट हलवायचात. "आता खाली." कवडसा खाली. बाजूच्या भिंतीवर सुरुवातीला धर्माला आणि इंद्राला नमस्कार, संकर्षण-वासुदेवांना, म्हणजे बलराम-कृष्णांना, चंद्रसूर्यांना. पुढे यज्ञ आणि दक्षिणांचे हिशेब, १,७०० गाई, १० हत्ती, असे आकडे भिंतभर. भारतात इतके जुने कोरलेले अंक फार थोड्या ठिकाणी आहेत. आणि त्यात कुठेतरी राणी स्वतःबद्दल सांगते, की ती महिना महिना उपास करते, घरात राहून तापसीसारखी जगते. नवरा गेलेला, मुलगा लहान. वर्गात हे वाक्य आलं की आईचा आवाज बदलायचा, असं तिच्या विद्यार्थिनी सांगतात. लेण्यातही बदलला. माझे वडील गेले तेव्हा मीही लहानच होते, मामा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तेवढा वेळ कवडसा जागचा हलला नाही.

तुम्ही किती वेळ तसे उभे होतात मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा तुमचा दंड थरथरत होता आणि तुम्ही हात बदलत होतात. "बाई, झालं का बघून? न्हाई झालं तर अजून ऊन हाय." एवढंच म्हणालात. उरका, चला, उशीर होतोय, यातला एकही शब्द नाही. ती शिक्षिका होती हे कळल्यापासून तुम्ही तिला बाई म्हणत होतात. आजी नाही.

मी नंतर खूप विचार केला की या एवढ्याशा गोष्टीने आमच्या घरात एवढं काय झालं. तुम्ही उपकार केल्यासारखं काही केलंच नाहीत, हे त्याचं कारण असावं. तुमच्या मते एका बाईला काहीतरी वाचायचं होतं, उजेड कमी होता, तो तुम्ही आणलात. सभ्यपणा म्हणून आपण जे शिकतो त्यात बोलणंच फार असतं, सॉरी, थँक्यू, मॅडम, सर. शिट्टीवाला मुलगाही बोलायला अत्यंत नम्र होता. "प्लीज" म्हणून त्याने आईला गाडीत बसवलं होतं. समोरच्याला नेमकं काय हवंय हे बघून तेवढं मुकाट्याने करणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत, आणि ती बहुतेक अशाच ठिकाणी भेटली, जिथे जाहिरात नसते.

अशा भटकंत्या नेणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे. वाट सोपी असते ती नकाशात नव्हे, नेणाऱ्याच्या वागण्यात. जुन्नरच्या आसमंतात दोनशेहून जास्त लेणी आहेत, बारा नद्यांच्या उगमापाशी शिवालयं बांधणाऱ्या झंझ राजाची कहाणी आहे, त्यातलं कुकडेश्वर तर वाटेवरच आहे. म्हाताऱ्या माणसांना चालवेल अशा वाटा इथे ढिगाने निघतील. तासाला किती किलोमीटर हे आधी विसरायला लागेल, इतकंच.

आता कामाचं. तुम्ही पैसे परत केलेत, "बाईंकडून काय घ्यायचं" म्हणून. हे आम्हाला मान्य नाही. आईने शिलालेखाचा मराठी अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून काढलाय, तुमच्या नातीच्या नावाने पाकीट येईल, पैसे त्याच पाकिटात असतील. या वेळी परत पाठवू नका. दिवाळीनंतर कुकडेश्वराला यायचं ठरतंय. आई आहेच, शिवाय तिच्याच शाळेतल्या दोन निवृत्त बाई. त्यातल्या एकींचा गुडघा आईहूनही वाईट आहे आणि दुसऱ्या भूगोलाच्या आहेत, प्रश्न फार विचारतात. आधीच सांगून ठेवते.

तुमची,
बाईंची मुलगी