होडी नेणाऱ्यांनो, तुमची करवत आमच्याकडं आहे

सांगलीत गावभागातल्या आमच्या अंगणात वर्षानुवर्षं पालथी पडलेली अर्धवट होडी रविवारी एकदाची निघाली. काढणाऱ्यांची नावं विचारायचं भान कुणालाच राहिलं नाही, म्हणून हे जाहीर आभार.

२००५ च्या पुरानंतर आण्णांनी ती स्वतः बांधायला घेतली. सोळा फुटी, सागवानी फासळ्या, वर मरीन प्लाय, त्यावर निम्म्यापर्यंत फायबर. मग गुडघे गेले, काम थांबलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पुरासाठी बांधलेली होडीच वाहून जाऊ नये म्हणून कडुलिंबाला बांधावी लागली!

मधल्या काळात फाटक बसवलं ते चार फूट रुंदीचं, होडीची रुंदी पाच फूट. (माप कुणी घेतलं, ते घरात अजून कुणी कबूल करत नाही.) तालमीतली सहा पोरं आली. "जाळून टाकू," असं कुणीतरी म्हणालं, तर करवतवाल्या दादांनी हटकलं, "फायबरचा धूर विषारी असतोय." तोंडाला फडकं बांधून, ओली पोती टाकून त्यांनी ती मधोमध कापली. त्याआधी पितळी स्क्रू एकेक करून काढले आणि डब्यात घालून आण्णांच्या हातात दिले. आण्णा काही बोलले नाहीत, डबा नुसता हलवत बसले.

ट्रॅक्टरवाल्या मामांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

पुढच्या टोकाचं लाकूड आता सोप्यात आहे. आणि दादा, तुमची हातकरवत इथंच राहिलीय. न्यायला या, पण जेवायच्या वेळेला.