लग्न झाले की अनुदान बंद?

संपादक महोदय,

दिव्यांग वधू-वर मेळाव्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. हारतुरे, अक्षता, पाहुण्यांची भाषणे सगळे छापून येते. त्या जोडप्याच्या कागदपत्रांचे पुढे काय होते, ते मात्र कुठे येत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये मिळतात. अट आहे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असण्याची. म्हणजे महिन्याला 4,166. वडील नाहीत किंवा थकून घरी बसलेत, तोवर मुलगी या अटीत बसते. लग्न झाले की उत्पन्नाच्या दाखल्यात नवऱ्याची कमाई धरली जाते. तो एखाद्या दुकानात 12,000 वर असला तरी वर्षाचे 1,44,000 होतात, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. कॅथेटर, डायपर, व्हीलचेअरचे टायर यांचा खर्च काही मंगळसूत्राने कमी होत नाही. फक्त त्यासाठी आता नवऱ्यापुढे हात पसरायचा. गंमत म्हणजे दिव्यांग-अव्यंग विवाहाला हेच सरकार 2014 पासून प्रोत्साहनपर अनुदान देते. एका हाताने आहेर करायचा आणि दुसऱ्या हाताने महिन्याचे पैसे काढून घ्यायचे!

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही चूक सुधारली आहे. पूर्वी कर्मचाऱ्याच्या पश्चात दिव्यांग मुला-मुलीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांचे लग्न झाले की थांबायचे. 16 जानेवारी 2013 च्या आदेशाने ते लग्नानंतरही चालू राहते. उत्पन्नाची अट आहे, पण लग्नाची नाही. राज्यानेही निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीचे स्वतःचेच उत्पन्न धरावे. जोडीदाराचे धरायचेच असेल, तर निदान मर्यादा किमान वेतनाशी जोडावी.

तोवर ज्यांच्या घरी लग्न ठरले आहे, त्यांनी शिधापत्रिकेकडे आधी बघावे. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयातले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, शिधापत्रिका आणि ओळखपत्र ताडून पाहतात. माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला घेतला, पण सासरच्या पत्रिकेत नाव चढायला वेळ लागला, तर मधल्या काळात ती कुठल्याच पत्रिकेवर नसते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर सासरची कागदपत्रे तयार होईपर्यंत नाव कमी करू नये. दाखला हातात पडला की लगेच नाव चढवण्याचा अर्ज द्यावा.

वडिलांच्या खासगी आरोग्य विम्यात नाव असेल, तर लग्नानंतर ते बहुधा निघते. नवी पॉलिसी कोरी घेतली की आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून न मिळण्याचा काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी त्याच कंपनीला पत्र देऊन स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतर मागावे. झालेली वर्षे धरली जातात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात एक लाखाचे संरक्षण मिळते आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

घर कुठे घेणार, हाही प्रश्न पैशांचाच आहे. मुंबई महापालिकेचे दिव्यांग अर्थसाहाय्य मुंबईच्या रहिवाशांसाठी आहे. सासर डोंबिवली किंवा नालासोपाऱ्याला असेल, तर ते हिशेबातून वजा करावे.

राहिले नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, मधले नावही बदलते. आधारवर नवऱ्याचे नाव, दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डावर वडिलांचे आणि बँकेत तिसरेच काही, अशी स्थिती झाली की पडताळणी अडते. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही. न बदलणे सर्वांत सोपे. बदलायचेच असेल, तर आधी वॉर्ड ऑफिसातून विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मग आधार, मग बँक आणि यूडीआयडी हा क्रम ठेवावा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे फॉर्म भरताना स्पेलिंग जोडीदाराकडूनही एकदा वाचून घ्यावे.

– दिव्यांग सहाय्य कामातील एक कार्यकर्ता, परळ, मुंबई