इंग्रजीतून 'बलुतं' वाचणाऱ्या मुलीस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दया पवारांचे 'बलुतं' हे आत्मकथन तू जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचून संपवलेस, आणि हे कळवताना 'आई, रागावू नकोस' असेही लिहिलेस. मी रागावले नाही, पण मनाला थोडे लागले, हे लपवत नाही. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीने मराठी पुस्तक इंग्रजीतून वाचणे म्हणजे शेजारच्या खोलीत जायला गावाला वळसा घालणे झाले, असे मी तुझ्या बाबांना म्हणाले. त्यावर ते एवढेच म्हणाले, "तू 'पर्व' कुठल्या भाषेत वाचलेस?"

भैरप्पांचे 'पर्व' मी उमा कुलकर्णी यांच्या मराठीतून वाचले. कन्नडचे एक अक्षर मला येत नाही, तरीही ते वाचन उसने आहे असे मला कधी वाटले नाही. कन्नडातून मराठीत येणाऱ्या पुस्तकाला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही, असे उत्तर मी बाबांना दिले. अण्णा, अक्का, अप्पा उंबरा ओलांडून जसेच्या तसे आत येतात आणि सोयरसुतक कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उत्तर खोटे नव्हते, पण ते पुरेसेही नव्हते. म्हणून मी पिंटो यांचा अनुवाद मागवला आणि कपाटातली आपली जुनी प्रत शेजारी ठेवून वाचायला बसले.

पहिल्यांदा लक्ष गेले ते नावाकडे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली आणि १९५८ मध्ये राम देशमुखांनी तिचे इंग्रजी केले, तेव्हा मुखपृष्ठावरून वाडीचे नाव गेले आणि 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असे वर्णन आले. १९७८ च्या 'बलुतं'चा हा अनुवाद मात्र २०१५ मध्ये 'बलुता' याच नावाने निघाला. परक्या वाचकाला दारातच न कळणारा शब्द द्यायचा आणि पुस्तक वाचूनच त्याला तो कळू द्यायचा, हा धीर मधल्या सत्तावन्न वर्षांत आला, आणि मला तो फार आवडला. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेल्या बानू मुश्ताक यांच्या कथा इंग्रजीत आणताना दीपा भास्ती यांनीही कन्नड शब्दांना तिरपा टाइप दिला नाही की तळटीपा जोडल्या नाहीत. त्या पुरस्काराचे पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटले जातात, हेही मला योग्य वाटते.

तरी एक गोष्ट इंग्रजीत येऊच शकत नाही, आणि त्यात अनुवादकाचा दोष नाही. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहेत. इंग्रजीकडे एकच सर्वनाम आहे. एरवी त्यावाचून फारसे अडत नाही, पण गावगाड्याच्या गोष्टीत अडते. वाड्यातले शेंबडे पोर म्हाताऱ्या महाराला 'अरे' म्हणते आणि तो म्हातारा त्या पोराला अदबीने उत्तर देतो, तेव्हा मराठीत एका क्रियापदाच्या रूपात सगळी जातव्यवस्था ऐकू येते. कोण कोणाला रामराम म्हणतो आणि कोणाला जोहार घालावा लागतो, यातही तेच आहे. इंग्रजीत प्रसंग उरतो, अपमानही कळतो, पण तो अपमान व्याकरणातच मुरलेला आहे, हे कळत नाही. हे तुला मराठीतून ऐकू येईल, कारण तुझा कान मराठी आहे. वाचनाचा वेग कमी असला म्हणून काही बिघडत नाही.

आता माझ्याबद्दल. कॉलेजात मी 'बलुतं' पहिल्यांदा हाती घेतले तेव्हा मराठी माझीच भाषा आहे, या भरवशावर घेतले आणि पहिल्या काही पानांतच अडखळले. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, हे शाळेत बारा बलुतेदारांच्या धड्यात पाठ केले होते. तो वाटा मागायला दारोदार जाणे म्हणजे काय, हे मात्र माझ्या मराठीला ठाऊक नव्हते. महारवाड्यातले आणि मुंबईच्या कावाखाना या वस्तीतले कितीतरी शब्द मी अंदाजाने ओलांडले, आणि कोणाला विचारायची लाज वाटली. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, ही त्या पुस्तकाची रचना आहे. एकाच माणसाला स्वतःची गोष्ट सांगायला दोन नावे का लागावीत, हा प्रश्नही मला तेव्हा पडला नव्हता. तो तुझ्या पत्रात आहे. म्हणजे इंग्रजीतून वाचून तू जिथे थांबलीस, तिथून मी मराठीतून न थांबता पुढे गेले होते.

तेव्हा तमीळ, मल्याळम, बंगाली तू इंग्रजीतून खुशाल वाच. त्या घरांना आपल्यासाठी बहुधा तेच एक दार आहे. मराठीपुरती माझी एक विनंती आहे. रविवारी रात्री फोन करशील तेव्हा तुझी इंग्रजी प्रत उघडी ठेव. मी कावाखान्याचा भाग मराठीतून मोठ्याने वाचीन आणि तू ओळींवर बोट ठेवून ऐक. अडेल तिथे मला थांबव. मी अडले, तर त्या जागी पिंटो यांनी काय लिहिले आहे, ते तू मला वाचून दाखव.

थंडी वाढली आहे, स्वेटर घालत जा.

तुझी,
आई